अंदाजापलीकडचा सौदा

२९ डिसेंबर १९४५ रोजी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' या नावाची एक कंपनी स्थापन झाली. कारखाना अमळनेरला. भोवती शेंगदाण्याचा मुलूख, गावातून जाणारा सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि वनस्पती तुपाची वाढती मागणी, एवढ्या भांडवलावर मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी डाव मांडला. आधी तूप, मग कपडे धुण्याचा साबण. ऑगस्ट १९६६ मध्ये ते अचानक वारले तेव्हा मुलगा अझीम अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता. वय २१. शिक्षण अर्धवट टाकून तो परतला आणि तेला-साबणाचा कारभार हाती घेतला. पुढच्या दीड दशकात या तेलाच्या कंपनीने संगणक बनवायचं ठरवलं. आज जग तिला 'विप्रो' म्हणून ओळखतं. जुलै २०२३ मध्ये याच कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेत तीन वर्षांत १ अब्ज डॉलर गुंतवण्याचं जाहीर केलं.

समजा, १९७८ साली या कंपनीच्या साऱ्या खतावण्या, विक्रीचे आकडे आणि शेंगदाण्याचे हंगामवार भाव आजच्या एखाद्या बुद्धिमान यंत्रापुढे ठेवले असते आणि विचारलं असतं, पुढची दहा वर्षं पैसा कशात घालू? उत्तर चांगलंच आलं असतं. शेंग कोणत्या महिन्यात भरून ठेवावी, साबणाचा खप कोणत्या जिल्ह्यात वाढेल, डबा किती किलोचा असावा, हे त्याने नेमकं सांगितलं असतं. संगणक त्या उत्तरात आला नसता, कारण त्या खतावण्यांत तो कुठेच नव्हता. परकीय चलनाच्या कायद्यामुळे आयबीएम भारतातून निघून गेली आणि बाजारात जागा मोकळी झाली, ही बातमी देशातल्या असंख्य व्यापाऱ्यांनी वाचली होती. त्या मोकळ्या जागेवर स्वतःचा पैसा लावणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले.

अंदाज बांधणं जवळजवळ फुकट होईल तेव्हा उद्योजकाकडे काय काम उरेल, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. यंत्र अंदाज देईल, पर्याय मांडेल, आपली चूकही दाखवून देईल. पण ज्या गोष्टीची आकडेवारी अजून जन्मालाच आलेली नाही, तिच्यावर स्वतःचं भांडवल, नाव आणि रात्रीची झोप लावण्याचं काम माणसाकडेच राहणार. सल्ला जितका स्वस्त होईल तितकं हे काम मोलाचं होत जाईल. पुराव्यासाठी मी खानदेशाबाहेर फारसा गेलो नाही. तशी गरजच पडली नाही.

जळगावात उद्योगाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं भवरलाल जैन यांचं, इथल्या माणसांच्या 'मोठेभाऊं'चं. जन्म १९३७ चा, वाकोदच्या शेतकरी घरातला. कायद्याची पदवी हाती होती, सरकारी नोकरीचं दार उघडं होतं. ते सोडून १९६३ मध्ये घरच्या तीन पिढ्यांच्या बचतीतले ७ हजार रुपये घेऊन त्यांनी रॉकेल विकायला सुरुवात केली. मग खतं, बियाणं, ट्रॅक्टर अशा एजन्स्या आल्या. १९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा एक डबघाईला आलेला कारखाना घेतला. तो डबघाईला का आला होता, हे हिशेबाच्या वह्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं आणि त्या वह्या वाचणाऱ्या कोणत्याही शहाण्या माणसाने, आजच्या कोणत्याही शहाण्या यंत्रानेसुद्धा, 'घेऊ नका' असंच सांगितलं असतं. जैन यांनी तिथे भुकटी सोडून पपेन काढायला घेतलं. कच्च्या पपईच्या सालीवर हलके चिरे दिले की दुधासारखा चीक ठिबकतो. तो गोळा करायचा, सुकवायचा, शुद्ध करायचा. औषधं आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्या परदेशी कंपन्यांना तो हवा होता. ज्या शेडवर अपयशाचा शिक्का होता, तिच्यातून निर्यात सुरू झाली.

पुढे १९८० पासून पीव्हीसी पाइप आणि ते दशक संपता संपता ठिबक सिंचन. ठिबकचा सौदा त्या वेळी कागदावर किती कच्चा होता, हे आज आठवावं लागतं. केळीला पाणी म्हणजे पाटाने, सरी भरून, हीच रीत. पंपाचं बिल अश्वशक्तीवर ठरलेलं, म्हणजे पाणी वाचवलं तरी बिलात बचत नाही. वर नळ्यांचा खर्च, मातीने बुजणारी छिद्रं, आणि 'थेंबाथेंबाने केळी पोसणार का?' हा बागायतदाराचा रास्त सवाल. यावल-रावेर पट्ट्यातल्या विहिरी खोल जात चालल्या होत्या, ते दिसत सगळ्यांनाच होतं. जैन यांनी शिरसोली रस्त्यावरच्या उजाड टेकड्या घेतल्या, त्यांवर माती टाकली, झाडं लावली, ठिबकवर पिकं उभी करून दाखवली आणि शेतकऱ्यांना गाड्या भरभरून तिथे आणलं. नव्वदच्या दशकात टिश्यू कल्चर केळीच्या बाबतीत हेच घडलं. आपल्याच बागेतला मुनवा उपटून लावणाऱ्या माणसाला प्रयोगशाळेतलं रोप पैसे मोजून घ्यायला लावायचं, हे काम सोपं नव्हतं. आज इथला शेतकरी 'जी-नाइन' हा शब्द इतक्या सहज उच्चारतो, जणू ग्रँड नैन ही जात तापीकाठीच उगवली असावी.

याची दुसरी बाजूही इथेच मांडायला हवी, नाहीतर ही नुसती गौरवगाथा होईल. जैन २०१६ मध्ये गेले. २०१९ मध्ये त्यांची कंपनी कर्जफेडीच्या मोठ्या अडचणीत सापडली, कर्जाची फेररचना करावी लागली, आणि २०२३ मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन झाला. विस्तार करताना घेतलेली कर्जं, सरकारी अनुदानाच्या थकणाऱ्या रकमा, यांचा भार शेवटी कुणाला तरी उचलावा लागतोच. यंत्राने सल्ला दिला असता आणि तो चुकला असता, तर बँकेच्या दारात यंत्र उभं राहिलं नसतं. उद्योजकाचा नफा कशाबद्दल मिळतो, याचं उत्तर इथे आहे: चुकीचा परिणाम ज्याच्या अंगावर येतो, त्याला बरोबर ठरण्याचा मोबदला मिळतो.

आता यंत्राचं कौतुक. ते मनापासून करायला हवं, आणि त्यासाठी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या डाळ मिलमध्ये जाऊन उभं राहावं. तिथे ज्याला सगळे 'सॉर्टेक्स' म्हणतात ते यंत्र असतं. तुरीची डाळ वरून पातळ थराने घसरत खाली येते. वाटेत दोन्ही बाजूंनी कॅमेरे तिच्याकडे पाहत असतात. काळा पडलेला, साल चिकटून राहिलेला किंवा खड्यासारखा दाणा दिसला की नेमक्या त्याच जागी हवेचा बारीक झोत सुटतो आणि तो एवढाच दाणा बाजूच्या मार्गाने खाली जातो. डोळ्याला हे दिसत नाही. फक्त सतत चाललेली फटफट ऐकू येते आणि खाली एका पोत्यात पिवळीधमक डाळ, दुसऱ्यात नापास माल साठत जातो. हे काम पूर्वी जमिनीवर सुपं घेऊन बसलेल्या बाया करायच्या. यंत्र थकत नाही, आणि निवडण्याच्या कामात माणूस आता त्याच्याशी बरोबरी करू शकत नाही.

त्याच मिलच्या मालकाची खरी कसोटी मात्र डाळ निवडण्यात कधीच नव्हती. नवी तूर बाजारात यायला लागली की त्याला ठरवावं लागतं, गोदाम आत्ता भरायचं की थांबायचं. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली आणि नंतर तिची मुदत वाढवत नेली. म्यानमार आणि आफ्रिकेतून बोटी येणार की नाही, आल्या तर किती, दिल्लीतला पुढचा आदेश काय निघेल, साठ्यावर मर्यादा येईल का, यांवर त्याचं वर्ष उभं असतं. मागच्या आदेशांचा अभ्यास करून यंत्र शक्यता सांगेल. पण आदेश काढणारी माणसं आहेत. ती निवडणूक पाहतात, महागाईची बातमी पाहतात आणि कधीकधी एका रात्रीत मत बदलतात. गोदाम भरायचं म्हणजे बँकेची मर्यादा वापरायची, आणि ती सही मिलवाल्याची असते.

हा भेद अर्थशास्त्रात फ्रँक नाइट या अमेरिकन अभ्यासकाने १९२१ मध्ये फार स्वच्छ मांडला. काही धोके मोजता येतात. मोजता येतात म्हणून त्यांचा विमा काढता येतो आणि हप्ता ही त्यांची किंमत ठरते. काही गोष्टी मात्र मोजताच येत नाहीत, कारण तशी गोष्ट पूर्वी घडलेलीच नसते. नाइट यांच्या मते नफा जन्मतो तो या दुसऱ्या प्रदेशात. शंभर वर्षांपूर्वीचं हे विवेचन समजून घ्यायला रावेरची केळीची बाग पुरेशी आहे.

केळीला हवामान आधारित फळपीक विमा आहे. हिवाळ्यात सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंशांपर्यंत किंवा त्याखाली उतरलं की भरपाईचा निकष पूर्ण होतो. उन्हाळ्यातल्या तापमानाचे आणि वाऱ्याच्या वेगाचे निकष वेगळे. तापमानाच्या बाबतीत महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा हा पुरावा, बागेत कुणी यावं लागत नाही. माणसाला बाजूला ठेवून आकड्याने निर्णय देण्याची ही व्यवस्था खानदेशाने कृत्रिम बुद्धिमत्तेचा गवगवा होण्याच्या बऱ्याच आधी स्वीकारली आहे. तिचे फायदे मोठे आहेत. केंद्र एका गावात आणि नाल्याकाठची थंड बाग दुसऱ्या गावात असली की होणारे वादही सगळ्यांना ठाऊक आहेत. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की थंडीचा विमा निघतो, वाऱ्याचा निघतो. भावाचा निघत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कापणीला आलेले घड झाडावर पिकू लागले, तेव्हा त्या आठवड्यासारखा आठवडा कोणाच्याही आकडेवारीत नव्हता. गाडी काढायची का, परवाना कुठून मिळेल, दिल्लीच्या बाजारात माल उतरवून घेणारं कुणी असेल का, याचे निर्णय बागायतदारांनी आणि व्यापाऱ्यांनी फोनवर, एकेकट्याने घेतले. काही बुडाले. काहींनी तेव्हा जोडलेली गिऱ्हाइकं आजवर टिकवली आहेत.

भावाच्या आकड्याविषयीच थोडं अधिक सांगायला हवं. रावेर आणि बऱ्हाणपूर इथले केळीचे भाव रोज जाहीर होतात आणि गावोगाव मोबाइलवर फिरतात. नवती, पिलबाग, वापसी असे मालाचे प्रकार, त्यांचे वेगवेगळे दर आणि वर 'फरक'. बाहेरच्या माणसाला हे गणित पहिल्या दिवशी उलगडत नाही. त्यातही जाहीर झालेला भाव एक आणि बांधावर प्रत्यक्ष हातात पडलेला भाव दुसरा, ही इथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार. माल वाढला की व्यापारी जाहीर भावापेक्षा कमीने कापणी करतो, आणि घड पिकायला लागलेला असल्यामुळे शेतकरी नाही म्हणू शकत नाही. आता विचार करा: केळीच्या भावाचं भाकीत करणारं यंत्र शिकणार कोणत्या आकड्यावर? नोंद आहे ती जाहीर भावाची. बांधावरचा भाव कुठे लिहिलेलाच नाही. तो दोन माणसांच्या बोलण्यात ठरतो आणि तिथेच विरतो. ज्या आकड्याला कुणी पैसे मोजले नाहीत, त्या आकड्याचं यंत्र फार अचूक भाकीत करील. खरा भाव जाणणारा, गावोगाव माणसं राखून असलेला स्थानिक व्यापारी या यंत्रापुढे अजून बराच काळ पुढे राहील. तो प्रामाणिक असेल तर ते शेतकऱ्याच्याही फायद्याचं आहे.

याहून खोल अडचण दुसरीच आहे आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. समजा, यंत्राला सारे खरे आकडे मिळाले. मग चोपडा ते मुक्ताईनगर पट्ट्यातल्या प्रत्येक बागायतदाराने त्याला विचारलं, यंदा पावसाळ्याच्या तोंडावर केळीची मृगबाग लावू की पावसाळा सरताना कांदेबाग? सगळ्यांची जमीन सारखी, पाणी सारखं, मागचे भाव सारखे. म्हणून सल्लाही सारखाच मिळेल. सगळे एकाच महिन्यात लागवड करतील, सगळ्यांची कापणी एकाच वेळी येईल आणि ज्या भावाच्या आशेवर सल्ला दिला होता तो भाव कोसळेल. सल्ला चुकीचा नव्हता. सगळ्यांनी तो ऐकला म्हणून तो चुकला. कांद्याच्या आणि कापसाच्या बाबतीत शेजाऱ्याचं पाहून लावण्याचा हा फटका आपण आधीच खाल्लेला आहे. यंत्र त्याची गती वाढवू शकतं. त्यावर यंत्र बनवणारे म्हणतील, इतर काय लावणार आहेत तेही आम्ही विचारात घेऊ. घ्यावं. पण मग शेतकरी यंत्राच्या सल्ल्याच्या उलट वागायचं ठरवतील, आणि ते कितीजण तसं ठरवतील हे ठरण्याआधी कळणार नाही. जिथे प्रत्येकाचा निर्णय दुसऱ्याच्या निर्णयावर टेकलेला असतो, तिथे उद्याचा भाव कुठेतरी आधीच लिहून ठेवलेला नसतो. गर्दीपेक्षा वेगळं वागण्याची हिंमत ही तिथे आर्थिक गरज ठरते. दहा गावं मृगबाग लावत असताना जो कांदेबाग धरतो, तो बाजारात वर्षभर माल राहील याची काळजी नकळत घेत असतो.

या वादाला इतिहास आहे. सप्टेंबर १९४५ मध्ये, अमळनेरची कंपनी नोंदली जाण्याच्या तीन महिने आधी, फ्रेडरिक हायेक यांचा समाजातल्या ज्ञानाच्या वापराविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. अर्थव्यवस्था चालवायला लागणारं ज्ञान एका जागी गोळा झालेलं नसतं, ते त्या त्या जागी, त्या त्या क्षणी, त्या त्या माणसापाशी तुकड्यातुकड्यांनी असतं, असं त्यांचं म्हणणं. समाजवादी अर्थतज्ज्ञ ऑस्कर लांगे यांनी हायेक यांच्या बाजूचा प्रतिवाद केला. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अखेरच्या लेखनात ते म्हणतात की आता संगणक आला आहे, बाजार जी समीकरणं चाचपडत सोडवतो ती तो क्षणात सोडवील. आज तेच बोलणं नव्या यंत्रांच्या नावाने पुन्हा ऐकू येतं. लांगे यांची बाजू मी हलकी मानत नाही. उपग्रहाला आज बागेतला करपा दिसू शकतो, जमिनीतली ओल तारेवाचून फोनवर कळते. हायेक यांच्या काळी जे माळ्यालाच ठाऊक असे, त्यातलं पुष्कळसं यंत्राला कळू लागलं आहे. तरीही समीकरण सोडवायला आधी समीकरण असावं लागतं. ठिबकवरची केळी हे पद १९८५ च्या समीकरणात नव्हतं. ते तिथे आणून मांडणारा कुणीतरी लागला.

ज्ञान आणि भाषा यांचाही इथे संबंध येतो. खानदेशातला शेतकरी, मजूर, अडत्या एकमेकांशी बोलतो ते अहिराणीत, लेवा गणबोलीत, तावडीत, पावरीत. पाऊस, माती, रोग, जनावरं, उधारी आणि माणसाची पत यांचे बारकावे या बोलींत आहेत आणि छापील मजकूर अत्यल्प आहे. यंत्र छापील आणि टंकलिखित मजकुरावर पोसलं जातं. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी लिहू शकत नव्हत्या. मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी त्यांच्या ओव्या टिपून ठेवल्या, त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं, म्हणून ते धन राहिलं. टिपणारं कुणी नव्हतं अशा किती घरांतलं शहाणपण मुकाट गेलं असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो. खानदेशातल्या तरुण उद्योजकाला इथे खरोखरीचं काम आहे. अहिराणीत विचारलेला प्रश्न समजणारं आणि अहिराणीतच उत्तर देणारं शेतीचं साधन अमेरिकेतली कंपनी आपणहून बनवणार नाही, कारण तिच्या हिशेबात ते गिऱ्हाईक दिसतच नाही. राज्याने २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद सांगितली. त्यातला काही पैसा बोलींच्या नोंदींवर खर्च व्हावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

लहान उद्योगाला या यंत्रांनी आजच जे दिलं आहे ते थोडं नाही. यावल तालुक्यात केळीचे वेफर्स करणारी एखादी बाई घ्या. तिला दुबईच्या खरेदीदाराला इंग्रजीत पत्र लिहायचं असतं, पाकिटावरचा मजकूर कायद्यात बसवायचा असतो, जीएसटीच्या नोटिशीत नेमकं काय विचारलंय हे समजून घ्यायचं असतं, तेलाचा भाव वाढला तर पाकिटामागे किती सुटेल हे पाहायचं असतं. यासाठी पूर्वी तिला जळगावला चार जणांच्या दारात बसावं लागे, आणि त्यांतला प्रत्येकजण फी घेई. आता पहिला मसुदा रात्री घरीच फोनवर तयार होतो. तो तपासून घ्यावा लागतो, कारण यंत्र ठणकावून खोटंही सांगतं. तरीही मोठ्या कंपनीजवळ असलेला सल्लागारांचा ताफा आणि या बाईचा एकटेपणा यांतलं अंतर माझ्या पाहण्यात इतक्या वेगाने कधी घटलं नव्हतं. वेफर्स जाड हवेत की पातळ, मिरी घालायची की नंदुरबारची मिरची, उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला हात जोडून नाही म्हणायचं, हे तिचं तिलाच कळतं.

सुपं घेऊन बसणाऱ्या बायांचं काय झालं, हा प्रश्न मात्र मी वर सोडून दिला, तो परत घ्यावा लागेल. काही मिलमध्येच भरणीच्या कामाला गेल्या, काही शेतमजुरीला, कित्येकींची नोंदच कुठे नाही. अमळनेर आणि धुळ्याच्या कापड गिरण्या बंद पडल्या तेव्हाही सुटलेल्या माणसांचा हिशेब कुणी ठेवला नाही. नवी यंत्रं आता सुपाच्या कामापुरती थांबणार नाहीत; हिशेबनीस, टायपिस्ट, छोट्या कार्यालयातला कारकून, बारावी-पदवीनंतर जळगाव-धुळ्यातली मुलं-मुली जिथून सुरुवात करतात ती पायरीच ही यंत्रं काढून घेऊ शकतात. जो उद्योजक जोखीम घेतो म्हणून नफ्याचा हक्क सांगतो, त्याने आपली जोखीम गुपचूप कामगारावर ढकललेली असेल तर त्याचा हक्क तिथेच कमजोर होतो. यंत्र घेण्याचा निर्णय मालकाचा असेल, तर त्या यंत्रामुळे हात रिकामे झालेल्या माणसांना नवं काम शिकवण्याचा खर्चही त्या निर्णयाच्या किमतीत धरला पाहिजे. पुढच्या प्रकरणांत यावर मी सर्वाधिक पानं खर्च केली आहेत आणि सर्वाधिक वाद तिथेच व्हावा अशी माझी इच्छा आहे.

अमळनेरला पुन्हा एकदा जातो, पण कारखान्यात नाही. तिथे गिरणी चालवणाऱ्या श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. सुताच्या आणि कापडाच्या पैशातून, तालुक्याच्या गावी, वेदान्ताचा अभ्यास करणारी संस्था. साने गुरुजी अमळनेरला आले ते प्रथम याच संस्थेत अभ्यासासाठी. प्रताप हायस्कूलमधली शिक्षकी नंतरची. गिरणीच्या कोणत्याही ताळेबंदातून 'तत्त्वज्ञान मंदिर काढा' असा निष्कर्ष निघाला नसता. उद्दिष्ट हाती दिलं तर ते गाठण्याची सर्वांत जवळची वाट यंत्र शोधून देतं, दिवसेंदिवस अधिक चांगली शोधून देतं. कापडाच्या पैशाचं काय करावं, गावाला काय हवं असायला हवं, ही उद्दिष्टं ठरवण्याची गोष्ट आहे, आणि ती प्रतापशेठ यांनी स्वतःच्या मनाने ठरवली. उद्योजकाच्या कामातला हा भाग व्यवस्थापनाच्या पुस्तकांत क्वचितच येतो. माझ्या मते तोच सगळ्यात शेवटपर्यंत माणसाकडे राहील.

हे पुस्तक वाचणाऱ्यांत बहुतेकजण कुठला ना कुठला धंदा करणारे किंवा करू पाहणारे असतील. त्यांना एक काम सांगून ठेवतो. यंत्राला काही विचाराल तेव्हा एका वहीत तारीख घालून चार ओळी लिहा: काय विचारलं, त्याने काय सांगितलं, तुम्ही काय केलं आणि सल्ला डावलला असेल तर का. सहा महिन्यांनी निकाल लिहा, तोटा झाला असेल तर आकड्यासकट. यशाच्या कहाण्या सगळीकडे छापून येतात आणि यंत्रंही त्याच वाचून शिकतात. फसलेल्या सौद्यांची, डावललेल्या सल्ल्यांची नोंद कुणाकडेच नाही. त्या नोंदी जमल्या, तर या पुस्तकातल्या कोणत्या विधानांना आधार आहे आणि कोणती खोडायला हवीत, हे पुढच्या आवृत्तीत तुमच्या वह्यांवरून ठरवता येईल. वही मराठीत लिहा, अहिराणीत लिहा, बांधावरचा भाव मात्र खरा लिहा.